ऑस्टिओपेट्रोसिस: भाच्याची नजर, फिट्स आणि ट्रान्सप्लांट (अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं ऊस आणि पाऊस या दोनच धाग्यांवर असतो, आज वेगळ्या कामासाठी आलोय. माझा भाचा, बहिणीचं दुसरं बाळ, नऊ आठवड्यांचा आहे. जन्मला तेव्हा सगळं व्यवस्थित, वजन तीन किलोच्या आसपास. तिसऱ्या आठवड्यात फिट आली, हातपाय ताठ, ओठ निळसर. कॅल्शियम कमी निघालं म्हणून शिरेतून दिलं, फिट थांबली, घरी आलो. मग माझ्या आईच्या लक्षात आलं की हा नजर लावत नाही. मोठी भाची या वयात तोंडाकडं बघून हसायची, हा बघतच नाही, बुबुळं आपली संथ इकडून तिकडं फिरत राहतात. त्यात पोट फुगायला लागलं, लिव्हर आणि प्लीहा दोन्ही वाढलेले, हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट ३५ हजार. आधी म्हणाले गरोदरपणातलं इन्फेक्शन असेल, मग ब्लड कॅन्सरची शंका, बोन मॅरो (हाडातला मगज) काढायला गेले तर सुईत काही आलंच नाही. शेवटी न्यूमोनिया आहे का बघायला छातीचा एक्स-रे काढला त्यात बरगड्या पांढऱ्याफटक दिसल्या आणि तिथून सगळं उलगडलं.

नाव सांगितलंय ऑस्टिओपेट्रोसिस, तान्ह्या बाळांतला गंभीर प्रकार. बोन मॅरोचं ट्रान्सप्लांट एवढाच मार्ग म्हणाले, खर्चाचा आकडा ऐकून दाजी खालीच बसले. घरात दोन तट पडलेत. आत्या म्हणजे बहिणीची सासू (बहीण आतेभावालाच दिलीय) म्हणते एवढंसं पोर, वर्षाचं होऊ दे, जरा अंग धरू दे मग बघू. दाजींना वाटतं उद्याच न्यावं. मला कळत नाही की हाडाच्या आजारात डोळे कसे जातात, फिट मेंदूची होती का कॅल्शियमची, आणि ट्रान्सप्लांट केलं तर दिसायला लागेल का. डॉक्टर चांगले आहेत पण ओपीडीत पाच मिनिटात काय काय विचारणार.

पाणीपुरी_पॉलिटिक्स

वाचून कसंतरीच झालं. यातलं काही कळत नाही पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. इथे दोनतीन डॉक्टर मंडळी आहेत, बघतीलच.

क्ष_किरण

मी लहान मुलांचे एक्स-रे, एमआरआय वाचतो. बाळाला न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नांमागचं गणित सांगतो.

हाड एकदा तयार झालं की संपलं असं नसतं. बांधणाऱ्या पेशी आणि पाडणाऱ्या पेशी जन्मभर कामावर असतात. या आजारात गवंडी रोज येतोय आणि पाडणारी माणसं संपावर, असं होतं. पाडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, हाड विरघळवायला त्या ॲसिड सोडतात आणि नेमकं तेच बहुतेकांत बिघडलेलं असतं. हाड साचत जातं, दिसायला दगड आणि मोडायला मात्र सोपं. जर्मनीतल्या हांबुर्गचे अल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ मध्ये एक्स-रेवर हे पहिल्यांदा दाखवलं, संगमरवरी हाडांचा आजार म्हणतात तो हाच.

आता साचलेलं हाड जाणार कुठं? एक म्हणजे आतली मगजाची जागा खाऊन टाकतं. म्हणून रक्त बनत नाही, ते काम लिव्हर आणि प्लीहा अंगावर घेतात आणि पोट फुगतं. सुईत मॅरो न येण्याचं कारणही तेच. दुसरी जागा कवटीच्या बुडाशी. डोळ्याची, चेहऱ्याची, कानाची नस कवटीतून बाहेर पडते ती हाडातल्या बारीक बोगद्यातून. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्यानं वाढतो, त्याबरोबर हे बोगदे रुंद व्हायला हवेत, तसे ते होत नाहीत आणि नस आवळली जाते. डोळ्याच्या नसेचा नंबर बहुतेक वेळा पहिला लागतो, अगदी पहिल्या काही महिन्यात. नजर न लावणं, बुबुळं भिरभिरणं हे त्याचंच.

चेहऱ्याच्या नसेकडे लक्ष ठेवा. रडताना तोंड एका बाजूला ओढलं जातंय का, झोपेत एक डोळा अर्धा उघडा राहतोय का. राहत असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा लगेच दाखवा, बुबुळ कोरडं पडून वेगळंच दुखणं होतं. डोक्याचा घेर दर आठवड्याला टेपनं मोजून तारीख टाकून लिहा. कवटीतून रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या वाटाही अरुंद होतात, डोक्यात पाणी साचू शकतं, छोट्या मेंदूचा खालचा भाग मानेच्या भोकात उतरू शकतो. टाळू फुगीर लागली, उलट्या सुरू झाल्या, बाळ सुस्त झालं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघत बसायचं नाही.

आणि फिट. हाडातून कॅल्शियम रक्तात येतं ते ऑस्टिओक्लास्टमुळं. पोटात असताना बाळाला आईकडून मिळत असतं, नाळ तुटली की हाडाच्या तिजोरीला कुलूप. तेव्हा पहिल्या काही आठवड्यात कॅल्शियम उतरून फिट येणं या आजारात नेहमीचं आहे, आणि ती कॅल्शियम दिलं की थांबते. तुमच्या बाळाचं तसंच झालेलं दिसतंय. मला काळजी वाटते ती रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, साखर नॉर्मल असताना आलेल्या फिटची. तशी कधी आली का, हे आठवून डॉक्टरांना नक्की सांगा. त्याच्यावर पुढचं बरंच ठरतं.

सरळसोट

हाडं जास्त कडक झालीत म्हणजे कॅल्शियम जास्त झालंय. ते आणि डी व्हिटॅमिनचे थेंब ताबडतोब बंद करा. आमच्या ओळखीचे वैद्य आहेत, हाडाच्या सगळ्या आजारांवर प्रवाळ भस्म देतात, हमखास गुण. ट्रान्सप्लांट वगैरे कॉर्पोरेटवाल्यांचे धंदे.

चिमणीची_आई

सरळसोट, प्रवाळ भस्म म्हणजे कॅल्शियमच असतं हो! एका ओळीत कॅल्शियम बंद करायला सांगताय आणि दुसऱ्या ओळीत तेच चाटवायला. तीन आठवड्यांच्या पोराला फिट येताना बघितलीय का कधी? वारणाकाठ, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंब बंद करू नका आणि वाढवूही नका.

आता माझं. मुलगी पहिलीत आहे. तिलाही हाच आजार, टीसीआयआरजी-१ जीनचा. आमचं निदान चौथ्या महिन्यात झालं, ट्रान्सप्लांट सहावा लागल्यावर. तिला एका डोळ्यानं बऱ्यापैकी दिसतं, मोठ्या अक्षरातलं वाचते, दुसऱ्यानं फक्त उजेड-अंधार कळतो. ट्रान्सप्लांटच्या आधी जे गेलं होतं ते परत आलं नाही, जे उरलं होतं ते टिकलं. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी असंच स्पष्ट सांगितलं होतं आणि तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. तुमच्या आत्यांना हे एक वाक्य नक्की सांगा की वर्षाचं होईपर्यंत थांबलात तर अंग धरेल का नाही माहीत नाही, डोळे बहुतेक थांबणार नाहीत.

तयारी कशाकशाची ठेवायची ते सांगते. नाक. हिचं नाक जन्मापासून घरघरायचं, सगळे सर्दी सर्दी करत होते, प्रत्यक्षात नाकाची मागची वाटच हाडानं अरुंद केलेली. बाळं नाकानं श्वास घेतात, त्यामुळं दूध ओढताना दम लागायचा, दोन घोट की बाजूला, परत दोन घोट. मी चमच्यानं, मान उचलून, एकेक फीड तासभर चालायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे नाकाचं आधीच सांगून ठेवा, कुठल्याही प्रोसिजरच्या आधी, एमआरआयसाठी झोपवतात तेव्हासुद्धा.

ट्रान्सप्लांटमध्ये केमो होते. हिच्या लिव्हरच्या बारीक शिरा बंद पडायला लागल्या, पोट टम्म, वजन एका रात्रीत वाढलं, ते दिवस वाईट होते. या आजाराच्या बाळांमध्ये तो धोका जास्त असतो म्हणे, त्यामुळं त्यावरचं औषध आधीपासून हाताशी ठेवणार का ते विचारा. फुप्फुसाचं प्रेशरही बघत राहतात. मग नवीन पेशी लागल्या आणि गंमत म्हणजे ज्या पोरीचं कॅल्शियम कायम खाली, तिचं वर जायला लागलं. पाडणारे कामावर आले आणि इतक्या दिवसांचं साचलेलं एकदम रक्तात! वय जितकं कमी तितका हा त्रास कमी, मोठ्या मुलांत फार होतो असं आम्हाला सांगितलं.

आज ती उंचीनं वर्गात सगळ्यात बुटकी, दात उशिरा आणि वाकडेतिकडे, कानात एकदा नळी बसवून झाली. डोक्यानं तल्लख आहे, पाढे ऐकून पाठ करते आणि माझ्या चुका काढते.

सरळसोट

मी फक्त माझं मत दिलं. असो.

डोनाऊकाठ

क्ष_किरण यांनी कॅल्शियम नॉर्मल असतानाची फिट म्हणून जे लिहिलंय त्याला जोडून लिहितो कारण या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते तोच आहे. मी जर्मनीत असतो, जेनेटिक्सच्या लॅबमध्ये नोकरी, डॉक्टर नाही. या आजारावर खूप काम झालेलं उल्म शहर माझ्यापासून फार लांब नाही आणि तिथल्या लोकांची भाषणं ऐकलीयेत.

ऑस्टिओपेट्रोसिस हा एक आजार नाही, एका एक्स-रेमागं लपलेले वेगवेगळे आजार आहेत. तान्ह्या बाळांतला प्रकार साधारण अडीच लाखात एका जन्माला होतो. त्यातल्या जवळजवळ निम्म्या केसेस टीसीआयआरजी-१ या जीनच्या. तो ॲसिड सोडणाऱ्या पंपाचा एक भाग बनवतो, ऑस्टिओक्लास्टचा पंप. तिथं मेंदूला जो त्रास होतो तो बाहेरून, हाडानं आवळल्यामुळं. हाड आवरलं की मेंदू वाचला.

पण सीएलसीएन-७ आणि ओएसटीएम-१ या दोन जीन्सचं तसं नाही. या दोघांची प्रथिनं जोडीनं काम करतात आणि ती नुसती हाडात नाहीत, मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींमध्येही लायसोसोम नावाच्या कचरा जिरवणाऱ्या पिशव्यांवर असतात. सीएलसीएन-७ चा हाडाशी संबंध २००१ मध्ये कळला, ओएसटीएम-१ चा २००३ मध्ये, करड्या केसांच्या एका उंदराच्या जातीवरून, ती पिल्लं लवकर मरायची. हे बिघडलं की पेशीत कचरा साचतो आणि मेंदू आतून झिजतो, हाडाचा दाब असो नसो. ओएसटीएम-१ मध्ये हे जवळपास ठरलेलं. सीएलसीएन-७ मध्ये काही बाळांना होतं, काहींना नाही, त्यामुळं तिथं नीट तपासावं लागतं. अशा बाळांना कॅल्शियम नॉर्मल असूनही फिट येतात, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) बिघडलेला असतो, मान धरणं वगैरे प्रगती थांबते, एमआरआयमध्ये मेंदू आक्रसलेला दिसतो. ट्रान्सप्लांटनं हाड आणि रक्त सुधारतं, मेंदूची झीज थांबत नाही. म्हणून अशा बाळांना ट्रान्सप्लांट करूच नये असा सल्ला देतात.

तेव्हा घाई करायची ती ट्रान्सप्लांट आणि जीन टेस्ट दोन्हीची, एकदम. एकामागून एक नको. रिपोर्टला 'अर्जंट, ट्रान्सप्लांटचा निर्णय अडलाय' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिसरा एक दुर्मीळ प्रकार आहे, रँक-एल नावाच्या प्रथिनाचा, त्यात मॅरोच्या पेशी ठणठणीत असतात आणि त्यांना उठवणारा निरोपच पोचत नाही. तिथं दुसऱ्याचा मॅरो देऊन उपयोग शून्य. हेही टेस्टशिवाय कळत नाही.

डोळ्यांच्या दोन तपासण्या मागून घ्या. ईआरजी पडदा तपासते, व्हीईपी पडद्यापासून मेंदूपर्यंतची वाट. ईआरजी चांगली आणि व्हीईपी बिघडलेली म्हणजे अडचण नसेत, दाबामुळं असण्याची शक्यता जास्त. ईआरजीच बिघडलेली असेल तर आतल्या झिजेचा संशय येतो.

थोडं अवांतर. मॅरो दिल्यानं हाड कसं सुधारतं याचं उत्तर उंदरांनी दिलं. १९७० च्या दशकात वॉकर नावाच्या संशोधकानं आजारी उंदीर आणि धडधाकट उंदीर यांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं आणि आजारी उंदराचं हाड विरघळायला लागलं. म्हणजे ऑस्टिओक्लास्ट रक्तातून येतात. पुढं अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी पाच महिन्यांच्या मुलीला भावाचा मॅरो दिला, ते १९८० मध्ये छापून आलं. नंतर तिच्या हाडातले ऑस्टिओक्लास्ट भावाचे निघाले, बांधणाऱ्या पेशी मात्र तिच्याच. मला ही गोष्ट दरवेळी भारी वाटते.

वारणाकाठ

डोनाऊकाठ, चिमणीची आई, क्ष_किरण, तिघांचे आभार मानायला शब्द नाहीत. तुमचे प्रतिसाद दाजींना वाचून दाखवले, आत्यालाही. आत्या गप्प झाली. जीन टेस्टचं रक्त परवाच गेलंय, माझ्या बहिणीचं आणि दाजींचंही घेतलंय.

एक विचारायचं होतं. घरात आता कुजबुज सुरू झालीय की दोष मुलीकडून आला. आमच्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत पिढ्यानपिढ्या आहे, कधी कुणाला काही झालं नाही मग आत्ताच का? बहीण तोंडानं काही बोलत नाही पण जेवण सुटलंय तिचं. आणि पहिली पोरगी ठणठणीत कशी?

डोनाऊकाठ

दोष एकीचा असूच शकत नाही. या प्रकारात आजार व्हायला जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच बिघडलेली असणाऱ्याला आयुष्यभर काही होत नाही, त्याला कळतही नाही. तुमच्या बहिणीला आणि दाजींना बहुधा ती एकाच आजोबा-आजीकडून मिळाली असणार, म्हणजे आत्याबाईंच्या माहेराकडून. आता कुणाला नावं ठेवायची ते ठरवू दे त्यांना!

प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, फासा दरवेळी नव्यानं. पहिली मुलगी निरोगी निघाली यात नवल नाही. आधीच्या पिढ्यांतली गेलेली तान्ही बाळं कुणी मोजलीयत? 'झटके येऊन गेलं', 'पोट फुगून गेलं' एवढंच म्हणत असतील. आणि हे फक्त आपल्याकडं नाही, रशियातल्या चुवाशियात आणि स्वीडनच्या उत्तरेकडच्या व्हेस्टरबॉटनमध्येही हा आजार इतर ठिकाणांपेक्षा बराच जास्त आहे, दोन्हीकडं आपापली फार जुनी एकेक बिघडलेली प्रत पसरलेली. तिथं मामाच्या पोरीचा संबंध नाही.

जीन सापडला की पुढच्या वेळी अकरा ते तेरा आठवड्यांच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन आधीच कळू शकतं. आत्ता तो विषय नको, पण रिपोर्टची फाईल सांभाळून ठेवा.

क्ष_किरण

बहिणीला जेवायला घाला आणि कुजबुजणाऱ्यांना वरचा प्रतिसाद छापून द्या.

निनावी_बाबा

मी फारसा लिहीत नाही. आमच्या मुलाचा रिपोर्ट ओएसटीएम-१ आला होता. त्याआधी आम्ही ट्रान्सप्लांटचे पैसे गोळा केले होते, डोनरही मिळत होता. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी तरीही करू म्हणून तारीख दिली. दुसऱ्या एका बाईंनी, त्या मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, दोन तास बसून ईईजी आणि एमआरआय समोर ठेवून समजावलं की हाड बरं होईल आणि मूल बरं होणार नाही. आम्ही केलं नाही.

त्याच्या फिट्स गोळ्यांनी बऱ्याच आटोक्यात राहिल्या, पूर्ण कधीच नाही. गिळायला त्रास व्हायला लागल्यावर नाकातून नळी. दुखतंय हे रडण्यावरून ओळखायला शिकलो आम्ही, फ्रॅक्चर झालं की कपडे बदलताना वेगळं रडायचा. पेन किलर, रक्त लागेल तेव्हा रक्त, घरीच येणाऱ्या नर्सताई. दुसऱ्या वाढदिवसाआधी गेला. आयसीयूत नव्हता, माझ्या आईच्या मांडीवर होता.

हे घाबरवायला लिहीत नाही. वारणाकाठ, तुमच्याकडं वेगळाच जीन निघो. पण या धाग्यावर उद्या कुणी दुसरंही येईल शोधत. ट्रान्सप्लांट न करणं म्हणजे बाळाला सोडून देणं, असं आम्हाला नातेवाइकांनी ऐकवलं. तसं नसतं ते.

चिमणीची_आई

बाबा, नमस्कार तुम्हाला.

फाईलवाला

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, नोकरीच या कागदांची आहे. केंद्राचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात आजारांचे तीन गट आहेत, पहिल्या गटात एकदाच करायच्या उपचारानं बरे होऊ शकणारे, आणि ऑस्टिओपेट्रोसिस त्या यादीत नावानिशी आहे. सुरुवातीला मर्यादा २० लाख होती, २०२२ पासून ५० लाखांपर्यंत. पैसे घरच्यांच्या खात्यात येत नाहीत, ठरवून दिलेल्या सेंटर ऑफ एक्सलन्सकडे, म्हणजे यादीतल्या हॉस्पिटलकडे जातात. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम त्या यादीत आहे. तिथं बाळाची नोंदणी करून घ्या, जीन रिपोर्टची वाट बघत बसू नका, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन जा. उपचार कुठं होणार हे त्यांच्या समितीशी आधी बोलून घ्यायचं, परस्पर दुसरीकडं ॲडमिट होऊन मग बिल दाखवलं तर अडकाल.

फाईलीला वेळ लागतो, खोटं सांगत नाही. म्हणून मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्टचे अर्ज, क्राउडफंडिंग हे बरोबरीनं सुरू ठेवा. प्रत्येक अर्जावर डॉक्टरांच्या लेटरहेडवर 'उशीर झाल्यास कायमचं अंधत्व येण्याची शक्यता' अशी ओळ लिहून घ्या. 'लवकर व्हावे ही विनंती' लिहिलेले शंभर अर्ज टेबलावर पडलेले असतात, कारण लिहिलेला वर येतो.

बाळाचं आधार आणि जन्मदाखला नसेल तर तो आजच करा. इथंच सगळ्यांचे आठ-दहा दिवस जातात.

वारणाकाठ

अपडेट देतोय. रिपोर्ट आला, टीसीआयआरजी-१. दोघा आईबापांत एकेक बिघडलेली प्रत. ईईजी नॉर्मल, एमआरआयमध्ये मेंदू नीट आहे, डोळ्याच्या नसांचे बोगदे दोन्हीकडं अरुंद. ईआरजी चांगली, व्हीईपी उजवीकडं अगदी क्षीण, डावीकडं उशिरा येतेय पण येतेय. डॉक्टर म्हणाले, डाव्यासाठी पळायचं.

कालपासून रडताना तोंड किंचित डावीकडं ओढलं जातंय, उजवा डोळा झोपेत पूर्ण मिटत नाही. क्ष_किरण, तुम्ही लिहिलं होतं म्हणून रात्रीच नेलं, थेंब आणि मलम दिलंय, झोपवताना पापणी चिकटपट्टीनं मिटवायला शिकवलं. केईएमला नोंदणी झाली, फाईलवाला यांनी सांगितलेली ओळ शब्दशः लिहून घेतली.

एचएलएला, म्हणजे मॅरो कुणाचा जुळतो ते बघायला, सगळ्यांची रक्तं दिली. चार वर्षांची भाची पूर्ण जुळली! घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. पण आता नवीन शंका, तिच्यातही एक प्रत बिघडलेली निघाली. मग तिचा मॅरो चालेल का? आणि एवढ्याशा पोरीला काही होणार नाही ना? आणखी एक, कुणीतरी म्हणालं आधी ऑपरेशन करून बोगदे मोठे करता येतात, मग ट्रान्सप्लांटची घाई नाही.

डोनाऊकाठ

चालतो, अगदी बिनधास्त. एक चांगली प्रत असलेला ऑस्टिओक्लास्ट पूर्ण काम करतो, नाहीतर तुमचे दाजी आणि बहीण चालतेफिरते नसते. भावाबहिणीत जुळण्याची शक्यता चारात एक असते, नात्यातल्या लग्नात कधीकधी आईबाप किंवा चुलतमावस घरातसुद्धा जुळणारं कुणी निघतं, जी गोष्ट तुम्हाला नडली तीच इथं कामाला येते. कुणीच जुळलं नसतं तरी आता अर्ध्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करतात.

क्ष_किरण

मुलीला भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो घेतात, दोनचार दिवस दुखतं, मॅरो परत भरून येतो. बाळाच्या वजनाला लागतो तोही थोडाच. तिला खोटं सांगू नका, भावासाठी तुझ्या कमरेतून थोडं रक्त काढणार आणि दुखेल, असं सांगा, चार वर्षांच्या मुलांना कळतं.

बोगदे मोठे करायचं ऑपरेशन काही ठिकाणी करतात, पण एवढ्या लहान बाळात, अशा हाडात आणि या प्लेटलेट्सवर ते धोक्याचं आहे, आणि मूळ आजार तसाच राहिला की हाड परत भरतं. ट्रान्सप्लांटच्या ऐवजी ते कधीच नाही. इंटरफेरॉन गॅमाचंही कुणीतरी सांगेल, अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता आहे, तो आजार लांबवतो, बरा करत नाही.

एक महत्त्वाचं, हे सगळ्यांच्या हातून होतं म्हणून आत्ताच सांगतो. बाळाला रक्त किंवा प्लेटलेट लागले की मामा, काका, बाप बाही वर करून पुढं येतात. रक्ताच्या नात्यातल्या कुणाचंही रक्त त्याला चढवू द्यायचं नाही, शरीर त्या पेशी ओळखून ठेवतं आणि नंतर मॅरो नाकारू शकतं. रक्त फिल्टर केलेलं आणि रेडिएशन दिलेलं हवं, हे प्रत्येक वेळी स्वतः विचारा, वॉर्डबॉयपासून रेसिडेंटपर्यंत. तुम्हाला द्यायचंच असेल तर ब्लड बँकेत बदली म्हणून द्या, दुसऱ्याच्या बाळाला चढेल.

वारणाकाठ

बापरे, मी आणि चुलतभाऊ उद्या प्लेटलेट द्यायला निघालोच होतो. बदलीत देतो. शनिवारी भरती आहे.

चिमणीची_आई

वारणाकाठ दादा, बहिणीचा नंबर मला मेसेज करा, तिच्याशी मीच बोलते. वॉर्डात प्लास्टिकचे डबे चालतात, स्टीलचे उकळून घ्यायला लागतात, ते तिला सांगायचंय. आणि आजपासूनच बाळाशी बोलत, आवाज करत, खुळखुळा दाखवत राहायचं, काळंपांढरं चित्र डाव्या बाजूनं जवळ धरा.

क्ष_किरण

जाताना एमआरआय आणि सीटीची सीडी घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. ईआरजी-व्हीईपीचे मूळ ग्राफसुद्धा. सहा महिन्यांनी हीच तपासणी परत होईल तेव्हा शेजारी ठेवून बघायला तेच लागतात, आणि तोवर पहिले ग्राफ कुणाकडं सापडत नाहीत.